राखीव डोळा

सरसोळ्याच्या जेट्टीवर पोचेपर्यंत
डाव्या डोळ्यावरची पट्टी घामाने सुटत आलेली.
पाचवीत होतो. शाळेत मला चाचा म्हणायचे.
मराठी पोरांना त्यातला समुद्री लुटारू ठाऊक होता,
शेजारच्या बाकावरच्या दुबेला वाटायचं, काका.
तो भलत्याच आदराने हसायचा.

डॉक्टरीणबाईंनी चांगला डोळाच झाकला होता,
म्हणजे आळशाला कामाला जुंपता येईल.
रोज सहा तास. आईने दाराच्या मागे
खडूने रेघा ओढलेल्या, दुधाच्या हिशोबाशेजारी.
आळशी डोळ्यातून नेरूळ
ओल्या बोटाने पुसल्यासारखं दिसायचं.

जोमामामा पट्टीकडे बघून हसला नाही.
म्हणाला, "होरीवर येतंस का?"

खारफुटीतून बाहेर पडलो
आणि बऱ्याच वेळाने वाशीच्या पुलाचे दिवे समोर आले,
तसा मामाने उजवा डोळा मिटून घेतला.
चेहरा तसाच, हात सुकाणूवर तसाच,
फक्त एक झडप बंद.
मी बघतोय हे त्याला कळलं.
"यो उजेराचा. यो कालोखाचा.
दोनी एकाच कामाला लावलं, त दोनी जातान."

मग चाच्यांची गोष्ट सांगितली,
त्याला गोदीतल्या कुणा खलाशाने सांगितलेली:
वर डेकवर रणरण ऊन,
खाली दारूच्या कोठारात मिट्ट;
दिवा नेला तर जहाजासकट आपणच वर.
म्हणून शिडीवर पट्टी इकडची तिकडे सारायची
आणि सकाळपासून झाकून ठेवलेल्या डोळ्याने
खाली उतरायचं.
"खरं का मामा?"
"मना काय म्हाईत? मी व्हतू का तवा?"

पूल डोक्यावरून गेला.
पलीकडे मामाने इंजिन बंद केलं.
उघड्या डोळ्यात दिवे अजून तरंगत होते,
हिरवे, जांभळे, मिटलं तरी न मिटणारे.
त्यांच्यामागे काहीच नव्हतं. खाडीसुद्धा नव्हती.
"आता उघर."

पट्टी उचलली.
आधी पाणी आलं. मग पाण्याची कड.
मग जाळ्याचे खुंट, एकेक,
हजेरीला उभे राहावेत तसे: तीन, पाच,
आणि शेवटच्या खुंटावर रातबगळा,
मान खांद्यात खुपसून.
मामाने आठ मोजले. मी नऊ.
तो काही बोलला नाही.
सुकाणूचा दांडा जरासा माझ्या बाजूला सरकवला.

सोमवारी वर्गात दुबेने चाचा म्हणून हाक मारली
आणि मी ओ दिली.

आळशी डोळा शेवटी आळशीच राहिला.
चाच्यांचं खरं-खोटंही कळलं नाही;
पुढे वाचलं त्यात सगळे 'असावं', 'असेल' म्हणून थांबलेले,
कुणी शिडीवर उभं राहून पाहिलेलं नाही.
एवढं मात्र पक्कं, की डोळ्याला काळोख मुरायला
अर्धा तास लागतो
आणि सांडायला एक टॉर्च.

आता पामबीचला इतके दिवे
की भरतीच्या पाण्यावर लग्नपत्रिका वाचता येईल.
मामाची होडी जेट्टीवर पालथी, खाली मांजरीची पिल्लं.
तो दोन्ही डोळे उघडे ठेवून बसतो.
"कालोखच नाय, त राखू कोनासाठी?"

मी महापेला रात्रपाळीत असतो.
यंत्रांच्या रांगा, आणि असा पांढरा उजेड
ज्यात माणसाची सावली पडत नाही.
तीनला चहासाठी निघताना
दाराच्या अलीकडेच डावा डोळा मिटतो.
जिन्यातला दिवा गणपतीपासून गेलेला आहे.
वॉचमन कांबळी एकदा म्हणाला,
"साहेब, डोळा काय मारताय?"
मी म्हटलं, "एकोणीस पायऱ्या आहेत.
सतरावी फुटलीय. जपून."