ठकीच्या अकरा फ्रेम्स

ठकीला मी मारते अकरा फ्रेम्समध्ये.
पहिल्या दोनांत नुसता ट्रकचा दिवा, तिच्या डोळ्यात.
पाचवीत चोच वाकडी.
आठवीपासून पिसं.
रक्त नको, असं लेखी आलं होतं.
पिसं सावकाश पडू देत, असंही.
ती खाली येईतो माणूस पुढचा डाव लावतो म्हणे.

चालायला मात्र मी तिला चोवीस दिल्या.
आधी मान, मग पाय, मागून घाईघाईनं शेपूट,
ओल्या फरशीवरून जाणाऱ्या माझ्या मावशीसारखी.
नावही मीच ठेवलं. ऑफिसात ती पर्ल.
रस्त्याचा एकेक पट्टा ओलांडला की वर आकडा:
सव्वापट, दीडपट, पावणेदोन, अडीच.
स्क्रीनवर दशांश असतात,
मी मनात पावकी म्हणते.
खाली हिरवं बटण: पैसे घ्या.
ते न दाबता आणखी एक पाऊल,
आणि ट्रक आला, की होतं नव्हतं ते गेलं.
ट्रक कुठल्या पट्ट्यावर येणार
ते ठकीनं पाय उचलायच्या आधीच ठरलेलं असतं.
गणितवाल्या ओवेननं सांगितलं,
सँडविच खाता खाता.

रस्त्याच्या पलीकडे काय आहे
ते काढायचं काम मला कुणी दिलं नाही.
मी विचारलं होतं.
कुंपण? दाणे? आधी पोचलेली एखादी कोंबडी?
म्हणाले, तिथवर फारसं कुणी जात नाही.
हिरवा रंग ओतून टाक.

स्टुडिओ न्यूकॅसलला, नदीच्या त्या अंगाला.
मी गेट्सहेडला, चढावरच्या विटांच्या रांगेत,
जिथं एका घराची भिंत दुसऱ्या घराचा कान असते.
शेजारी डेरेक रॉबसन.
सदतीस वर्षं बस चालवली,
एवढ्या वर्षांत एक कोंबडीसुद्धा चाकाखाली आली नाही,
हे तो पहिल्याच भेटीत सांगतो.
जानेवारीत एका रात्री भिंतीतून आलं:
टुक्. टुक्. टुक्.
मग पिसांचं भुस्स.

ते टुक् माझ्या जिभेचं आहे.
खर्च वाचवायला आम्ही ते पॅन्ट्रीत रेकॉर्ड केलं होतं,
टाळूला जीभ लावून, फ्रिज बंद करून.
मी उठून बसले.
टुक्, सव्वा. टुक्, दीड.
घे रे बाबा, घे आता, पुरे,
मी मराठीत, भिंतीला.
भुस्स.

कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही म्हणतात.
इथं आठ वाजले तरी उजाडलं नव्हतं.
डेरेकनं नेहमीसारखा माझाही कचऱ्याचा डबा
फुटपाथवर नेऊन ठेवला, आणि दारात बोलावून फोन दाखवला.
"ही बघ. निघायच्या आधी डोळे मिचकावते,
अगदी माझी मॉरीन."
घरात तो कोट घालून होता.
बोलताना तोंडातून वाफ येत होती, दाराच्या आत.
ते मिचकावणं चार फ्रेम्सचं,
कुणी मागितलं नव्हतं, मी हौसेनं घातलेलं.
मी म्हटलं, छान आहे.

सोमवारी मीटिंग. ठकी चालली, म्हणून आता मालिका.
बर्फावरचा पेंग्विन, रॉकेटवरचं डुक्कर,
मोटरवेवरचा साळू. मरणं प्रत्येकाचं वेगळं हवं.
मी हो म्हटलं. घराचे हप्ते आहेत,
आणि साळू मला खरंच चांगला जमेल.

त्या रात्री जुनी फाईल उघडून
हिरव्यावर एक बस स्टॉप काढला.
बाकावर निळ्या कोटातली बाई, मांडीवर थर्मास.
फाईल किंचित जड झाली.
कुणाच्या लक्षात आलं नाही.

परवापासून भिंत गप्प आहे.
बरं वाटून घ्यावं का, ठरेना.
आज दोन्ही डबे आतच होते.
मी ओढत नेले, आधी त्याचा.
फारच हलका लागला.