दर दुसऱ्या गुरुवारी

चार वाजता तोइवो राउटिओ
फोन ड्रॉवरमध्ये टाकतो
आणि सिर्क्कासमोर बसतो.
बाहेर ओउलूत केव्हाच अंधार.

ती सल्ला देत नाही.
पहिला महिना त्याला वाटत राहिलं, पैसे पाण्यात.
एवढ्या कागद गिरणीचा प्रमुख मी,
आणि ही बाई विचारते, "मग तुम्ही काय केलंत?"
आणि गप्प. कॉफी निवेपर्यंत गप्प.

आज म्हणाली, "एक ऐकू आलं, सांगू?
नफ्याच्या वाक्यात तुम्ही 'मी' म्हणालात.
तिसरं मशीन बंद पडलं, त्या वाक्यात 'ते लोक'."

उत्तर तयार होतं त्याच्याकडे,
सही करून ठेवलेल्या कागदासारखं.
तोंड उघडलं. मिटलं.

त्या 'ते लोक'मध्ये ओस्मो होता, रात्रपाळीचा,
मार्चमध्येच सांगून गेलेला
की बेअरिंगचा आवाज बदललाय.
आणि आपण, मान वर न करता:
लेखी द्या.

घरी जाताना गाडी गिरणीकडे वळली.
टायरखाली बर्फ करकरलं.
पाळी बदलायला अजून वीस मिनिटं.
फाटकापाशी तो बसून राहिला, इंजिन चालू,
काय बोलायचं
हे न ठरवता.