दोन गुंजा कमी

दुकान उघडून मी बागेसरीतली राख सारखी करत होतो
तेव्हा प्रणोती सहारे आली,
कापडाची पिशवी तोंडाशी आवळून.
वाटलं, आईच्या पाटल्या मोडीला.
"काका, एक जीव तोलायचा आहे.
कॉलेजचा काटा ग्रॅमच्या खाली बोलत नाही."

पिशवीत चिचुंद्री.
आपल्या मोरीतली नव्हे, ती हिच्यापुढं म्हैस.
ही माझ्या अंगठ्याच्या दोन पेरांएवढी,
नाक अंगाच्या आधी पोचणारं,
डोळे मोहरी सांडावी तसे.
"उंदीर नाही हो. उंदराशी नातंही नाही.
दाण्याला तोंड लावत नाही. किडे खाते,
आणि दोन-तीन तास नाही मिळाले तर मरते."
म्हणून बोडीच्या पाळीवर डबे पुरून
ही पोरगी रात्रभर, दर तासाला, बॅटरी घेऊन फिरते.

पिशवीचं वजन वेगळं काढलं.
इलेक्ट्रॉनिक काट्यावर आकडे थांबेनात:
एक पॉइंट सात, आठ, पाच, परत आठ.
पंखा बंद केला. दोघांनी श्वास धरला.
"मिनिटाला हजार ठोके," ती म्हणाली,
"उभी अशी राहतच नाही कधी."

मग वडिलांचा हातकाटा काढला,
डबीतल्या गुंजा, लाल, काळ्या डोळ्याच्या.
दोन मासे, दोन गुंजा कमी.
एवढ्याच्या मुरण्या मी बारशाला केल्या आहेत.

तिनं वहीत ग्रॅम लिहिले. मग सांगितलं,
आफ्रिकेत हिच्या कुळातल्या एकीचं
एकच कातडं आहे, कुठल्याशा कपाटात.
त्यानंतर कुणाला दिसली नाही म्हणे.
"बाकीच्या कुठं असतील?"
"असतील. त्यांच्या बोडीवर."

चार दिवसांनी परत आली.
पिशवी नव्हती, कागदाची पुडी.
"डोळा लागला माझा. तीनची फेरी चुकली."
काट्यावर ठेवली.
आकडा लगेच थांबला.
मी तो मोठ्यानं वाचला नाही.
ती पेनचं टोपण शोधत राहिली.

ताटलीला वास राहिला. उग्र,
कस्तुरीच्या गरीब नातलगासारखा.
चिंचेनं घासली, रिठ्यानं घासली.
परवा वडशाकडची एक बाई डोरलं घेऊन आली.
"कायचा वास येते जी?"
म्हटलं, पाहुणी येऊन गेली.

डोरलं ठेवलं. आकडा दिसला, पक्का.
तरी मी बोललो नाही थोडा वेळ,
बोट काचेच्या कडेवर,
हलेल म्हणून.