एक हात खिशात

ब्लॅकबर्नला नोव्हेंबरात चार वाजताच दिवस आवरतो.
गॅरेजच्या बाकावर ट्यूबलाइट, हीटरची एकच लाल कांडी
आणि पोट वर करून पडलेला अ‍ॅम्प्लिफायर,
चर्चच्या जुन्या बाजारात पंधरा पौंडांना मिळालेला.
विकणारा म्हणाला, चालत होता, बाबा होते तोवर.
बाबा कधी गेले, ते मी विचारलं नाही.

खालचा पत्रा काढला तर आत
मेणकागदाचे कपॅसिटर, मेण गळून चिकटलेलं,
एक वाळलेला कोळी,
आणि पत्र्यावर पेन्सिलीनं, बारीक अक्षरात:
‘मार्च बासष्ट. पुन्हा गुणगुणला तर ही तार बघ.’
कुणी कुणाला लिहिलं, कोण जाणे.
तार बघितली. सैल होती.

तीस वर्षं इस्पितळातली यंत्रं उघडली मी,
ईसीजीची, सलाईनच्या पंपांची;
तिथे चूक दुसऱ्याच्या छातीत जायची.
इथे आपल्याच. तीनशे व्होल्ट.
स्विच बंद केल्यावरही कपॅसिटर धरून ठेवतात,
जावेचं बोलणं धरून ठेवावं तसं.
म्हणून आधी रिकामं करायचं, मग बोट लावायचं,
आणि एक हात कायम खिशात.
वीज एका हातानं शिरून दुसऱ्यानं निघाली
तर वाटेत काळीज लागतं.

मोजत बसले. कार्बनच्या रोधांचं एक असतं,
वय वाढतं तसा त्यांचा विरोध वाढतो:
अंगावर शंभर लिहिलंय, भरतात एकशे चाळीस.
बदलले. मेणाचे सगळे बदलले.
ट्रान्सफॉर्मर ठेवला. त्याला काही झालेलं नाही,
नुसता जड आहे.

पहिल्यांदा भिंतीतली वीज थेट द्यायची नाही.
मध्ये साठचा दिवा ठेवायचा;
आत काही जळत असेल तर तो भडकून सांगतो.
भक्कन पेटला.
मी तोंडावर हात ठेवला, खिशातला.
मग तो मंदावत गेला, ओशाळल्यासारखा,
आणि चारही व्हॉल्व्हच्या बुडाशी
शेगडीत राखेखाली उरतो तेवढा लाल.
वास आला: तापलेली धूळ, लाख, कुणाचीतरी सिगारेट.

स्पीकर नाही, आधी आठ ओहमचा नुसता रोध,
पडद्यावर हिरवी लाट.
वाढवत नेली की तिचे माथे सपाट होतात,
तिथून एक पाऊल मागे यायचं.
नऊ वॅट. वहीत लिहिलं.

तेवढ्यात शेजारची ईनिड हॉवर्थ आली, ताटलीत दोन मिन्स पाय.
सोळाव्या वर्षी ती इथल्याच व्हॉल्व्हच्या कारखान्यात लागली होती,
भिंगाखाली ग्रिड जोडायला,
केसाहून बारीक तार, दिवसभर.
आता मोतीबिंदू. सुटा व्हॉल्व्ह डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली,
“माझा असला तरी मला नाही कळायचं, लव्ह.”

मग तिनं पेन्सिल मागितली
आणि स्पीकर जोडायला सांगितला.
तापलेल्या काचेवर टक्.
पहिला मुका. दुसरा मुका.
तिसऱ्यावर टक् केलं आणि स्पीकरमधून टणण्!
मडकं असंच वाजवून घेतात,
पण वाजलं तर पक्कं. इथे उलटं,
वाजला तो कच्चा.
“आतली ग्रिड सैल. ऐकतोय तो,” ती म्हणाली,
“आम्ही पास केला नसता.”
आणि तिच्या त्या बोलण्याचीही
एक बारीक किणकिण मागून आली
जाळीच्या कापडातून.

आम्ही दोघी गप्प.
हीटरची कांडी तेवढी तडतडत होती.
ती पुन्हा वाकली, काचेच्या कानाशी,
आणि स्वतःचं नाव नाही,
“बाक सतरा,” म्हणाली.
स्पीकरनं शब्द परत केला नाही,
नुसता त्याचा काठ.

नवा व्हॉल्व्ह आला आहे, चौदा पौंडांचा, खोक्यात.
बदलायचा आहे, बदलीनच.
मिन्स पायचा चुरा झटकायचा आहे आधी,
बाकावरचा, वहीवरचा,
एका हातानं.