उपडं वाडगं

काओश्युंगच्या गोदीत मी जहाजांची पोटं सांधतो,
वीस मीटरवर, दोराला लोंबकळत.
ठिणग्यांना भीत नाही. उंचीला नाही.
मुकादमाला तर नाहीच नाही.

पण रात्री दीडला फ्रिजमागून
आधी नुसत्या मिशा येतात, हवा चाचपत,
आणि माझ्या गुडघ्यांचं पाणी होतं.
इथली झुरळं उडतात.
उडतात तीही थेट तोंडावर.

मी स्टुलावर चढून खाली फोन लावतो.
शिऊ-यिंग येते. इयत्ता चौथी,
डोळ्यांत झोप, एक चप्पल पायात, एक हातात.
फट्.
"झालं, काका."
मग संडासात दोनदा पाणी ओढते,
दुसऱ्यांदा केवळ माझ्यासाठी.
मोबदला ठरलेला: अननसाची एक वडी.

गेल्या गुरुवारी ती ताइनानला, मामाकडे.
मी डोळे मिटून स्टीलचं वाडगं उपडं घातलं,
वर शब्दकोश, शब्दकोशावर इस्त्री.
तीन दिवस आतून खरखर.
कामावरही, वेल्डिंगच्या मुखवट्यात,
माझ्याच श्वासाशेजारी.

रविवारी ती आली. उकिडवी बसली,
नखाने वाडग्यावर टिचकी मारली.
आतून उत्तर आलं.
ती हळूच मागे सरकली.
"पळणारं मारता येतं, काका.
हे वाट बघतंय."

आता स्टुलावर मी, ओट्यावर ती,
मध्ये इस्त्री.
वड्यांचा डबा अर्धा संपलाय.