कपाळपट्टी

झोंबा. मार्चची रात्र. मुलांचा वॉर्ड.
जनरेटर दोनदा खोकला, मग एकदाचा लागला सुरात.
चौथ्या खाटेवर मायेसो, वय वर्षं तीन,
मलेरिया मेंदूत चढलेला.
संध्याकाळी झटके आले, हातपाय आपटत होता;
इंजेक्शन दिलं, तसा निपचित झाला.
"निजला," त्याची आई म्हणाली.
"निजला," मीही तक्त्यावर लिहिलं
आणि खाली सही केली: तियोंगे, रात्रपाळी.

पण निजलेलं पोर कूस बदलतं.
हे बदलेना.
डाव्या हाताची करंगळी तेवढी हलत होती,
आईच्या चितेंजेवर छापलेल्या कोंबडीला
एकेक दाणा टाकावा तशी.

मोठं यंत्र ब्लांटायरला.
त्याच्या एकवीस तारा, आणि वाचणारा माणूस एक.
तो सोमवारी येतो.
आज शुक्रवार.

आमच्याकडे ही पट्टी आहे.
डोकं ठणकलं की फडकं आवळतात, तशी बांधायची.
झटका चालू आहे की नाही, एवढंच ती सांगते.
का आला, पोर पुढे चालेल का, बोलेल का,
ते तिला विचारू नये.

एनिफेने मात्र विचारलं,
"यात त्याची स्वप्नं दिसतात का?"
नाही.
"मग कपाळावर लिहिलेलं?"
तेही नाही, बाई.
आत्ता जे लिहिलं जातंय, तेवढंच.

आधी नुसता गुंता.
घाम पुसला, पट्टी पुन्हा दाबून बसवली.
मग आले दात.
करवतीचे. एकामागून एक, सगळे सारखे,
पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.

मला शिकवलंय ते असं:
शहाणा मेंदू शिस्तीत नसतो.
तो बाजारासारखा असतो, शंभर जण एकदम बोलतात,
कुणी टोमॅटोचा भाव, कुणी भांडण, कुणी उगाच हसणं.
इथे सगळा बाजार एकच शब्द ओरडत होता,
संध्याकाळपासून,
आणि बाहेर पापणीसुद्धा हलत नव्हती.

डॉक्टर ग्वाझा आले, एका पायात चप्पल, एका पायात बूट.
पडद्याकडे पाहिलं. म्हणाले, "फेनोबार्ब. अगदी हळू."
मी औषध सोडत होते, ते श्वास मोजत होते,
एनिफे काय मोजत होती कुणास ठाऊक.
दात बोथट झाले.
मध्ये एक फट पडली. मग मोठी फट.
मग कुठूनतरी, बारीक,
बाजाराची ती बेशिस्त कुजबुज.

करंगळी थांबली.
एनिफे घाबरली. थांबणं म्हणजे काय,
हे तिला दोन मुलं गमावून ठाऊक होतं.
मी तिचा हात त्याच्या छातीवर नेऊन ठेवला.
किती वेळ, ते लिहिलं नाही.

तक्त्यावरचं "निजला" मी खोडलं.
मग मागची पानं उलटली. उलटायला नको होती.
जानेवारी, फेब्रुवारी,
माझ्याच अक्षरात, माझ्याच सहीने:
निजला. निजली. निजला.

पट्टी पुसली. बॅटरीच्या दोन रेघा उरल्या होत्या.
सातव्या खाटेपाशी दहा वर्षांची बहीण
भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.
मला येताना पाहून
तिने ओठांवर बोट ठेवलं:
हळू. आत्ताच निजलाय.