तुरळक

दुपारचे तीन. सिमला ऑफिसच्या खिडकीत
शिरीष ढिम्म, एक पान हलत नाही.
पडद्यावर घाटमाथ्याशी
हिरवा ठिपका पिवळा होऊ लागतो,
तेवढ्यात गुहागरहून इंदूआत्या:
"आमसुलं वाळत घातल्येत. आत घेऊ?"

सकाळच्या पत्रकात मीच लिहिलंय,
कोकणात तुरळक ठिकाणी विजांसह वळीव.
"तुरळक म्हणजे आमचं खळं, की सुर्व्यांचं?"

चोवीस वर्षं लिहितोय हा शब्द.
त्याला कुणाचं खळं असतं,
हे कोणत्याच नकाशात नव्हतं.

"घे आत," म्हणालो.

सहाला ठिपका घाटातच विरला.
पुन्हा आत्या:
"टिपूस नाही रे इकडे.
आणि मी सुर्व्यांचीही उचलायला लावली,
तुझं नाव सांगून."